नमस्काराच्या पुढून

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मी जे वाक्य सगळ्यात जास्त ऐकलं ते म्हणजे, ‘माझा आवाज येतोय का?’ समोर पोरं मोबाईल घेऊन बसलेली असतील तर हा प्रश्न ठीक आहे. पण आमचे प्राध्यापक तो रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओतही विचारायचे. खोलीत एकटे, समोर पुस्तकांच्या चळतीला टेकवलेला मोबाईल, आणि विचारतायत, ‘येतोय का आवाज?’ वर उत्तरासाठी दोन-तीन सेकंद थांबायचे. एका सरांनी तर ‘हां, येतोय’ असं स्वतःच सांगून पुढं सुरुवात केली होती.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात संगणक प्रयोगशाळेत सहायक होते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही. शिकवणाऱ्या बाईला आमच्याकडं मॅडम म्हणतात आणि न शिकवणाऱ्या बाईला ताई. मी शेवटपर्यंत सुनंदाताई राहिले. नोकरीला लागले तेव्हा सकाळी संगणकांवरची कव्हरं काढायची आणि संध्याकाळी पुन्हा घालायची, एवढंच काम होतं. मग टाळेबंदी आली, वर्ग बंद पडले, आणि वरून आदेश आला की प्रत्येक विषयाचं एक पान कॉलेजच्या वेबसाईटवर पाहिजे. बैठकीत सगळ्या प्राध्यापकांनी आधी एकमेकांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. टाळेबंदी उठली, वर्ग भरायला लागले, तरी पानं राहिलीच. आमच्याकडची निम्मी पोरं कामधंदा सांभाळून शिकतात. त्यांना रोज एसटीनं येणं जमत नाही.

आता हे काम काय असतं ते सांगते. शिक्षक घरी मोबाईलवर धडा रेकॉर्ड करतात, सगळं जग जिथं व्हिडिओ टाकतं तिथं टाकतात, आणि त्याची लिंक मला व्हॉट्सॅपवर पाठवतात. ती लिंक तशीच पानावर चिकटवली तर माझं काम दोन मिनिटांत संपलं असतं. पण पोरगं त्या लिंकवर बोट ठेवतं आणि थेट बाजारात जाऊन पडतं. मधोमध अर्थशास्त्र, बाजूला कुस्त्या, खाली खेकड्याचं कालवण. अर्थशास्त्राकडं कोण बघतंय? म्हणून व्हिडिओ पानातच बसवायचा, चौकटीत काच बसवतात तसा. पान उघडलं की धड्याच्या नावाखाली तिथंच तो चालतो. आजूबाजूला कुस्ती नाही, कालवण नाही.

ह्यासाठी एक ओळ लिहावी लागते. तिच्यात व्हिडिओचा पत्ता असतो, चौकट केवढी ते असतं, आणि पाहिजे असेल तर व्हिडिओ कितव्या सेकंदापासून सुरू करायचा तेही लिहिता येतं. ही शेवटची सोय ध्यानात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं. व्हिडिओ कापला जात नाही. मूळ जागी तो पूर्ण असतो, फक्त आमच्या पानावर मधून सुरू होतो. खालची पट्टी मागं ओढली तर पहिल्यापासून दिसतो. पण ती ओढावी असं कुणाला वाटत नाही.

अडचणी सगळ्या माणसांच्या होत्या, यंत्राच्या कमी. आमचे लोक लाजाळू. व्हिडिओ टाकताना हटकून ‘फक्त मलाच दिसावा’ ह्या खुणेवर बोट ठेवायचे. मग पानावर काळी चौकट दिसायची आणि पोरांचे फोन मला यायचे. नवरात्रात तुळजापूरच्या पोरांचे फोन जास्त, कारण गावात एवढी गर्दी होते की नेट मुंगीच्या पावलानं चालतं. भूगोलाच्या सरांनी पृथ्वीच्या अंतर्भागावर फार चांगला व्हिडिओ केला, पण शेजारी लग्न होतं आणि बँडवाल्यांनी सिनेमाचं गाणं धरलं होतं. व्हिडिओच्या बाजाराला ते गाणं ओळखू आलं आणि त्यानं मालकी हक्काच्या कारणानं आवाजच बंद करून टाकला. अंतर्भागाबद्दल सर नुसते हात हलवताना दिसायचे. मी त्यांना सांगितलं, सर, पुन्हा करा, आणि तिथीबिथी बघून करा.

पण सगळ्यात मोठी अडचण नमस्काराची होती. आमच्या भागात माणूस माईकसमोर उभा राहिला की आधी सगळ्यांची नावं घेतो. नाव राहिलं तर राग येतो, म्हणून कुणाचंच राहू द्यायचं नाही. ही सवय व्हिडिओतही आली. इतिहासाचे गुंड सर, मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे, माणूस एकदम देवमाणूस. त्यांचा व्हिडिओ सुरू झाला की संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख (ते स्वतःच होते), सहकारी बंधू-भगिनी आणि विद्यार्थी मित्रांनो, असं करत साडेचार मिनिटं जायची. मग आवाज येतोय का. मग मागच्या तासाची उजळणी. तोवर पोरगं कुस्त्या बघायला गेलेलं असायचं.

एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी त्यांच्या व्हिडिओच्या ओळीत सुरुवातीचा सेकंद लिहिला, दोनशे सत्तर. पान उघडलं की गुंड सर थेट ‘तर निजामाच्या काळात आपल्या जिल्ह्यात’ असं म्हणतच प्रकटायचे. आठ दिवसांत पोरांचे निरोप यायला लागले, ताई, सरांचं आता कळतंय. गुंड सर मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “सुनंदाताई, पोरं लई तारीफ करायलीत. आपली शैली सुधारली म्हणायची.” मी म्हटलं, व्हय सर. आपला नमस्कार कुणी ऐकत नाही हे त्यांना कधीच कळलं नाही, कारण आपलं पान उघडून बघणारा शिक्षक मला अजून बघायचाय.

तिथून मला नादच लागला. सगळ्यांचे व्हिडिओ मी नमस्काराच्या पुढून बसवायला लागले. ह्याचं एक तंत्र माझं मी बसवलं होतं. आवाज बंद करायचा, व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवायचा आणि डोळे ठेवायचे ते माणसावर. जोवर तो तोंड समोर करून बोलतोय तोवर नमस्कार. ज्या क्षणी तो फळ्याकडं वळतो तो सेकंद लिहून घ्यायचा. आवाज बंद का, तर तोच नमस्कार दिवसातून पंधरा वेळा ऐकून माझे कान किटले होते. एक व्हिडिओ दोन-तीन मिनिटांत हातावेगळा व्हायचा. ह्या तंत्राचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या एका कॉलेजच्या माणसाला मी ते मोठ्या ऐटीत शिकवलंसुद्धा.

आता साबिहा मॅडमबद्दल सांगते. त्या आमच्याकडं वाणिज्य शाखेला सांख्यिकी शिकवायच्या. वय तिशीच्या पुढं, राहायला तुळजापूरला, रोज एसटीनं ये-जा. नोकरी तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढीच नोकरी, आणि दर वर्षी नव्यानं नेमणूक. प्राचार्य यादी करतात, यादी संस्थेकडं जाते, यादीत नाव असलं तर पुढचं वर्ष आपलं. अशी सात वर्षं त्यांनी यादीची वाट बघत काढली होती. आकडे शिकवायची त्यांची हातोटी अशी की माझ्यासारखीला, जिला दहावीला गणितात काठावर पास केलं होतं, तिलाही त्यांचं ऐकत बसावं वाटायचं. आणि त्यांचा नमस्कार दहा सेकंदांचा. “नमस्कार मुलांनो, वही काढा.” बास. त्यांच्या व्हिडिओला सेकंद लिहायची मला क्वचितच गरज पडायची.

त्यांची एक विद्यार्थिनी बेंबळीची अश्विनी. ती दिवसभर तिथल्या दवाखान्यात पेशंटच्या नंबराच्या चिठ्ठ्या फाडायचं काम करायची आणि मधल्या वेळात अभ्यास. तिचा मोबाईल एवढा जुना की आमचं पान त्यात उघडायचंच नाही, नुसतं गोल गोल फिरत राहायचं. तिचा फोन आला की मी ओळखायचे. “ताई, गोल गोल फिरायलंय.” शेवटी मी तिच्यापुरता वेगळा रस्ता काढला. पान सोड म्हटलं, मी तुला मूळ लिंकच पाठवत जाते, चित्र एकदम हलक्या दर्जाचं ठेव आणि बघ. ती म्हणाली, “मॅडम धूसर दिसल्या तर चालतंय ताई, आकडे दिसले म्हंजे झालं.”

त्या वर्षी मध्यक शिकवताना साबिहा मॅडमची एक चूक झाली. माहितीच्या तक्त्यात एक आकडा वरच्या ओळीतला घ्यायचा असतो, तो बोलता बोलता त्यांनी त्याच ओळीतला घेतला. पुढचं सगळं उत्तर चुकलं. व्हिडिओ टाकून झाल्यावर घरी त्यांच्या ते ध्यानात आलं. सगळा धडा पुन्हा करायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी दीड-दोन मिनिटांचा वेगळा तुकडा केला. मोबाईलकडं बघून सांगितलं की पुढच्या उदाहरणात माझी चूक झालीय, कुठला आकडा घ्यायचा, बरोबर उत्तर काय, आधी हे वहीत लिहा आणि मग पुढं बघा. तो तुकडा त्यांनी धड्याला जोडला, आणि मुद्दाम सुरुवातीला जोडला. शेवटी जोडला तर शेवटपर्यंत कोण बघतंय, असा त्यांचा सरळ हिशेब. मग नवा व्हिडिओ टाकून मला निरोप पाठवला, ‘ताई, मध्यकाचा जुना काढून हा बसवा.’ का, ते लिहिलं नाही. मीही विचारलं नाही.

मी माझ्या तंत्रानं बसवला. आवाज बंद, दुप्पट वेग. मॅडम समोर बघून बोलतायत, बोलतायत, बोलतच आहेत. मला अजून आठवतंय, मी मनात म्हटलं, घ्या, ह्या बाईंनाही गुंड सरांची लागण झाली. त्या फळ्याकडं वळल्या, मी सेकंद लिहिला, एकशे आठ, आणि डबा खायला गेले. अश्विनीला तेवढी मूळ लिंक पाठवली.

तीन आठवड्यांनी चाचणी झाली आणि तोच प्रश्न आला. अख्ख्या वर्गानं तो एकाच पद्धतीनं चुकवला. एकटीचं उत्तर बरोबर, अश्विनीचं. पोरं प्राचार्यांकडं गेली. म्हणाली, व्हिडिओत असंच सांगितलंय, आम्ही तेच लिहिलं, आमचे मार्क का जावेत? त्यांचं म्हणणं चूक नव्हतं.

प्राचार्यांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मॅडमना जाब द्यायला आणि मला संगणक चालवायला. आमचे प्राचार्य शिस्तीचे, पण संगणकाच्या बाबतीत त्यांचा स्वतःवर अजिबात विश्वास नव्हता. माऊसला हात लावायचे नाहीत. मी पान उघडलं, व्हिडिओ सुरू केला. मॅडम फळ्याकडं वळल्या आणि चुकीचं उदाहरण सुरू झालं. सर म्हणाले, “हे बघा. हे तुम्हीच ना?”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “मीच सर. पण ह्याच्या आधी मी दुरुस्ती सांगितलीय. सुरुवातीलाच आहे.”

“कुठाय सुरुवातीला? आत्ताच लावलं ना आपण?”

“आहे सर. मी स्वतः जोडलीय. ताईंनी बसवलाय.”

त्या क्षणाला मला सगळं कळलं. एकशे आठ. माझा हात माऊसवरच होता. पट्टी बोटभर मागं ओढायची होती, बास. मी ती ओढली नाही. सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, आजवर एक मेमो नव्हता, आणि कुणाला न विचारता मी सगळ्या प्राध्यापकांचे नमस्कार उडवत होते हे त्या एका ओढीत उघडं पडणार होतं. अध्यक्षांच्या नावासकट. मी म्हटलं, “सर, नेट अडकायलंय. नीट बघून उद्या सांगते.” नेट चांगलं चालू होतं.

संध्याकाळी घरी निघायच्या आधी मी त्या ओळीतला एकशे आठ पुसला. आता व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होणार, उद्या सर बघतील, दुरुस्ती दिसेल, मॅडम सुटतील आणि माझंही झाकलेलं राहील. अशी माझी अक्कल. बाहेर पडताना मला हलकंसुद्धा वाटलं होतं, हे लिहायला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केबिन. व्हिडिओ पहिल्यापासून सुरू झाला आणि मॅडम समोर बघून म्हणाल्या, ‘मुलांनो, पुढच्या उदाहरणात माझी चूक झालीय.’ मला वाटलं, आता सर मान हलवतील. सर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, “काल हे नव्हतं. आज आहे. म्हणजे काल इथून गेल्यावर तुम्ही हे रातोरात टाकलं.”

मॅडमचा चेहरा उतरला. “सर, हे तीन आठवड्यांपूर्वीचं आहे. तारीख बघा ना.”

“तारखा बदलता येतात असल्या गोष्टीत. मला काय कळतंय त्यातलं?” असं म्हणून ते माझ्याकडं वळले. “ताई, तुम्ही सांगा. हे नंतर घातलेलं असू शकतं का?”

त्या खोलीत ह्या विषयातलं कळणारी मी एकटी होते. बाजारात टाकलेल्या व्हिडिओच्या पुढं नंतर काही जोडता येत नाही, नवा टाकावा लागतो, आणि तारीखही बदलता येत नाही. हे मला माझ्या नावाएवढं पक्कं माहीत होतं. मॅडमही माझ्याकडं बघत होत्या. त्यांना संशय नव्हता. आता ताई सांगतील, एवढंच त्यांच्या तोंडावर होतं.

मी म्हटलं, “तपासल्याशिवाय सांगता येणार नाही सर.”

मॅडमनी पर्स उचलली, सरांना विचारून बाहेर गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्यातला चोर त्या वेळी काय करत असतो हे कुणी सांगत नाही. मी प्रयोगशाळेत येऊन कव्हरं नीट करत बसले.

दुपारी अश्विनीचा फोन आला. तिचं वेगळंच गाऱ्हाणं. एकटीचं उत्तर बरोबर आलं म्हणून वर्गातल्या पोरी तिला म्हणत होत्या की मॅडमनी तुला आधीच फोडून सांगितलं. ती रडकुंडीला आली होती. “ताई, म्या काय वेगळं केलं न्हाय. मॅडमनी पहिल्यालाच सांगितलंय की, आधी हे वहीत लिहा. म्या लिहिलं. बाकीच्यांनी का लिहिलं न्हाय?”

मी विचारलं, “तुझ्याकडं तो व्हिडिओ अजून आहे?”

“हाय की. तुमी लिंक पाठवली त्याच दिवशी दवाखान्याच्या नेटवर उतरवून घेतलाय. आन् वहीवर तारीख टाकलीय, मॅडमनीच सवय लावलीय.”

मग म्हणाली, “ताई, मॅडमला काय तरास हुईल का ह्याच्यानं?”

वहीच्या त्या पानाचा फोटो पाठव म्हटलं आणि फोन ठेवला. दोघींचंही नाव माझ्यामुळं खराब होत होतं आणि तिनं मलाच विश्वासानं फोन केला होता. मला स्वतःची शिसारी आली. अशी मला आयुष्यात दोनदाच आली, आणि दुसरी इथं सांगण्यासारखी नाही.

मी तिथंच कागद घेतला आणि हातानं अर्ज लिहिला. व्हिडिओ कसा बसवतात, सुरुवातीचा सेकंद काय असतो, मी तो कुणाच्या परवानगीशिवाय लिहीत होते, आवाज बंद ठेवून लिहीत होते, मॅडमची दुरुस्ती माझ्या हातून झाकली गेली, पहिल्या दिवशी ते कळूनही मी बोलले नाही, आणि संध्याकाळी तो आकडा मीच पुसला. अश्विनीच्या वहीचा फोटो जोडला. मी तिला लिंक पाठवली होती तो तारखेचा निरोपही जोडला. केबिनमध्ये गेले तर शिपाई म्हणाला, सर सोलापूरला गेलेत, सोमवारी येतील. मी अर्ज फोनवर वाचून दाखवायला पाहिजे होता. नाही दाखवला. सोमवारी देऊ म्हटलं, दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे.

सोमवारी सरांनी अर्ज दोनदा वाचला. पोरांचे मार्क कसे द्यायचे ते ठरवलं, अश्विनीच्या वर्गात स्वतः जाऊन खुलासा केला, मॅडमना बोलावून माझ्यासमोर ‘गैरसमज झाला’ म्हणाले. मला मेमो दिला, तो मी घेतला. सगळं नीट केलं त्यांनी. मग मला म्हणाले, “ताई, हे त्याच दिवशी का नाही सांगितलं? पुढच्या वर्षाची यादी शुक्रवारीच गेली संस्थेकडं. जाताना मीच देऊन गेलो.”

यादीत साबिहा मॅडमचं नाव होतं, पण निम्म्याच तासांसाठी. उरलेले निम्मे दुसऱ्या एका नव्या शिक्षकाला. सरांनी नंतर पत्र पाठवून बघितलं, पण एकदा गेलेली यादी आमच्याकडं वर्षभर हलत नाही. मी मॅडमना बसस्टँडवर गाठलं. तुळजापूरची गाडी लागलेली होती. मी म्हटलं, “मॅडम, माझी चूक झाली. मला माफ करा.” त्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाल्या, “ताई, चूक तर माझीपण झाली होती. मी दुसऱ्या दिवशी सांगून टाकली.” आणि गाडीत चढल्या. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. जे झालं ते सांगितलं. त्यामुळंच ते मला जास्त लागलं.

पुढचं वर्ष त्यांनी निम्म्या तासांवर काढलं. उरलेल्या वेळात तामलवाडीला शिकवण्या घ्यायच्या, तिथून दुपारी कॉलेजला यायच्या आणि कधीकधी व्हरांड्यात उभ्याउभ्याच डबा खायच्या. मी ते प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघायचे. आत बोलवायचं धाडस मला फार उशिरा झालं.

माझ्या कामाची रीत मी बदलली. आता आवाज चालू ठेवायचा, वेग साधा ठेवायचा, आणि सेकंद लिहिण्याआधी त्या शिक्षकाला विचारायचं. गुंड सरांनाही जाऊन सांगितलं की सर, तुमची साडेचार मिनिटं मी तीन वर्षं दाखवलीच नाहीत. ते मग म्हणाले, “म्हंजे शैली सुधारलीच न्हवती.” मला त्यांचं फार वाईट वाटलं. पुढच्या व्हिडिओत त्यांनी नमस्कार एका मिनिटावर आणला, फक्त अध्यक्षांचं नाव ठेवलं.

साबिहा मॅडमचे व्हिडिओ येतच राहिले. पहिला आला तो मी कानात इअरफोन घालून लावला. मॅडम मोबाईलकडं बघून म्हणाल्या, “ताई, आवाज चालू आहे ना?” एवढं म्हणून थांबल्या, मग “नमस्कार मुलांनो, वही काढा.” मी दचकले. हे पोरांसाठी नव्हतं, मला होतं. मी त्यांना फोन करून विचारलं, मॅडम, ते पहिलं वाक्य ठेवायचं का? त्या म्हणाल्या, “नको, तेवढं वगळा. ते तुमच्यापुरतं आहे.” मग मी सेकंद लिहिला, चार.

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला माझ्यापुरते चार-पाच सेकंद असायचे. कधी नुसतं, “ताई, ऐकताय ना?” कधी, “ताई, आज सतराव्या मिनिटाला कुकरची शिट्टी आहे, काही करू नका.” एकदा, “ताई, यादी आली. सगळे तास मिळाले.” तो व्हिडिओ मी तीनदा लावला. त्या मला समोरासमोर फारसं बोलायच्या नाहीत. व्हरांड्यात भेटल्या तर मान हलवायच्या. पण व्हिडिओत बोलायच्या. ते वाक्य ऐकायचं, आणि त्याच्या पुढचा सेकंद लिहून धडा बसवायचा, हे माझं काम होतं.

सेवानिवृत्तीच्या आठवड्यात त्यांचा शेवटचा व्हिडिओ माझ्या हाताखालून गेला. विषय तोच, मध्यक. जुना काढून त्यांनी सगळा धडा नव्यानं केला होता. ह्या वेळी सुरुवातीचं बोलणं जरा लांब होतं. त्या म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी केबिनमध्ये तुम्ही गप्प बसलात त्याचा राग मला वर्षभर होता. थोडा अजून आहे, खोटं कशाला सांगू. पण तुम्ही लिहून दिलंत, स्वतःच्या हातानं दिलंत. तोवरच्या सात वर्षांत माझ्यासाठी कुणी काही लिहून दिलं नव्हतं. आता नीट जा घरी.” मग वळल्या आणि फळ्यावर तक्ता आखायला लागल्या.

मी तो सेकंद लिहिला, एकतीस. ओळ तपासली, पान जतन केलं आणि संगणकावर कव्हर घातलं.

ते पान अजून तसंच आहे. पोरं उघडतात, मॅडम थेट तक्ता आखतात आणि वरच्या ओळीतला आकडा घेतात. मी घरून कधीमधी ते उघडते आणि पट्टी मागं ओढते.